वरच्या बाईचं उतरणं

साइटवर तिला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून वीस मजले वर, दिवसभर बसायची म्हणून ती 'वरची'. आणि जमिनीवर उभा राहून वॉकीटॉकीवरून तिला "डावीकडं, अजून थोडं, बस्स, आता सोडा" असं सांगायचा तो 'खालचा'. मान द्यायचा झाला तर लोक तिला वरच्या बाई म्हणत. खालच्याला मान द्यायची वेळ सहसा येत नसे.

वय अडतीस. अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. "आमच्या घरात सरळ चालणारं कुणी नाही, एकतर वर नाहीतर खाली," असं ती सांगायची आणि आपणच आधी हसायची.

पण वर पोचायला तिला नऊ वर्षं लागली होती. ती नऊ वर्षं ती खाली धुळीत उभी राहून लोखंडी सळयांचे गठ्ठे पट्ट्यांनी बांधत होती आणि मान वर करकरून केबिनकडे बघत होती. दुसऱ्या क्रेनवरचा म्हातारा ऑपरेटर, ज्याला सगळे मास्तर म्हणत, त्यानं एकदा विचारलं, "काय बघतेस गं रोज? पगार वरून पडत नाही." ती म्हणाली, "मला वर बसायचंय." मास्तर हसला नाही. त्यानं शिकवलं. दोन वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. हुकाखाली लोंबणारा दोर दिसला की आधी कापायचा, नाहीतर तो कुठंतरी अडकतो. अडकलेला माल कधी ओढायचा नाही, आधी मोकळा करायचा, मग उचलायचा. वारा सुटला की क्रेनचा हात धरून ठेवायचा नाही, वाऱ्यावर सोडून द्यायचा. परीक्षा झाली, लायसन मिळालं आणि ती वर गेली. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. त्या खुर्चीवर तिचा इतका जीव होता की सुट्टीच्या दिवशी तिला घरात करमत नसे. हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, पण त्याला ते माहीत होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर साइटवर नवे इंजिनियर आले. हे साहेब मनगटाकडे न बघता दोन वाक्यं बोलू शकत नसत, म्हणून आठवड्याभरात त्यांचं नाव घड्याळसाहेब पडलं. क्रेन थांबली की साइट थांबते, हे खरंच आहे. शिडीला दोनशे चार पायऱ्या. उतरायला बारा मिनिटं, चढायला वीस, मधलं जाणं-येणं धरून चाळीस मिनिटं कुठं गेली नाहीत. साहेबांनी नियम काढला की ऑपरेटरनं सकाळी चढायचं, जेवायला उतरायचं, पुन्हा चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. अधेमधे उतरणं बंद.

महिन्याचे सव्वीस दिवस तिला हे जमायचं. घोडं अडायचं ते उरलेल्या चार दिवसांत. केबिन म्हणजे चहूबाजूंनी काच. पायाखालीसुद्धा काच, कारण खालचा माल दिसायला हवा. तिथं माणूस नाक खाजवायलाही विचार करतो, पॅड कुठून बदलणार! एकावर एक दोन पॅड लावले तरी दहाच्या सुमाराला पंचाईत व्हायची. वर उन्हानं तापलेली काच आणि खाली प्लॅस्टिक लावलेली खुर्ची. मांड्या सोलून निघायच्या, आणि त्या सोललेल्या मांड्या घेऊन दोनशे चार पायऱ्या उतरायच्या. खाली बायकांच्या संडासात कचऱ्याचा डबा नव्हता. मग वापरलेलं कागदात गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घालून घरी न्यायचं. पंधरा वर्षं ती हे करत आली होती, कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

घड्याळसाहेबांनी दुसऱ्याच महिन्यात तिला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. ओरडले नाहीत. उलट समोरची खुर्ची पुढे केली.

"बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण महिन्यातून चार दिवस तुम्ही दोन-दोनदा जास्त उतरता. कारण मी विचारत नाही. मला कळतं."

"मग?"

"मग त्या चार दिवसांसाठी मला बदली ऑपरेटर ठेवावा लागेल. आणि चार दिवसांसाठी कुणी येत नाही. यायचा तो कायमचाच येणार." साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "तुम्हाला खाली माल-लिफ्टवर घेऊ. बटण दाबायचं काम आहे, सावलीत. दोन महिने बघू, नाहीतर तसं करू."

सावलीत! तिला नऊ वर्षं आठवली. बाहेर येऊन तिनं नळावर तोंड धुतलं आणि पुन्हा दोनशे चार पायऱ्या चढली. त्या दिवशी तिनं एकही गठ्ठा वाकडा ठेवला नाही, पण डोळे सारखे भरून येत होते.

तिची धाकटी जाऊ औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दोघी एकाच घरात राहत, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्याही काढत, पण अडीअडचणीला धावून येणारी तीच. रात्रीचं आवरताना थोरलीनं सगळं सांगितलं. जावेनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही कप का नाही वापरत?"

"कसला कप?"

दुसऱ्या दिवशी तिनं तो दुकानातून आणला, आणि तोही कागदात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत. "दुकानात तूच, विकणारी तूच, घेणारी तूच, आणि लपवतेस कुणापासून?" थोरली म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय काउंटरच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागते.

डबीतून कप निघाला. मऊ सिलिकॉनचा, घंटेच्या आकाराचा, बुडाला छोटी शेपटी. थोरलीनं तो उलटासुलटा करून बघितला, दाबला, सोडला. चटकन उघडला. मग तिनं तिच्या धंद्यातला प्रश्न विचारला.

"यात भरतं किती?"

"दोन-तीन पॅडइतकं आरामात. आठ तास, डबीवर तर बारा लिहिलंय."

"आणि सुटला तर?"

"सुटत नाही. आत उघडला की हवेनं धरून बसतो. आधी पाण्यात उकळून घ्यायचा, हात धुवायचे, दुमडायचा आणि घालायचा. पाळी संपली की पुन्हा उकळायचा नि ठेवून द्यायचा. काही वर्षं बघायला नको."

सांगायला सोपं होतं. त्या महिन्यात पाळी आली तेव्हा तिनं मुद्दाम पहिले दोन दिवस रजा काढली आणि न्हाणीघरात शिकवणी लावली. पहिल्यांदा दुमडलेला कप हातातून निसटून बादलीत पडला. दुसऱ्यांदा भिंतीवर उडाला. तिसऱ्यांदा आत गेला, पण उघडलाच नाही, आणि तासाभरात सगळं पायावर आलं. दहा टनांचा माल वीतभर जागेत टेकवणारी बाई न्हाणीघरात स्टुलावर पाय ठेवून रडकुंडीला आली. बाहेरून सासूबाई विचारत होत्या, "अगं, झालं की नाही? पाणी संपेल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तो बसला. बसला म्हणजे असा, की चार पावलं चालल्यावर तो आहे हेच कळेना. ती जिना चढून-उतरून आली, खुर्चीत बसली, उकिडवी बसली. काही नाही. फक्त ती शेपटी टोचत होती. शिडी चढताना तर ती नक्की टोचणार.

आता इथं कुणीही दुसरी बाई असती तर तिनं शेपटी थोडी कमी केली असती. हिच्या डोक्यात मास्तरची दोन वर्षांची शिकवण. लोंबणारा दोर दिसला की कापायचा. तिनं कप काढला, धुतला, नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून कटर घेतला, तोही धुतला, आणि शेपटी मुळापासून साफ उडवली. पुन्हा घातला. उत्तम! टोचणं बंद, आणि ती स्वतःवर फार खूश झाली.

संध्याकाळी काढायला गेली तर धरायला काही नाही.

बोटं बुडाला लागत होती आणि घसरत होती. ओढलं की कप आणखी घट्ट बसत होता. पंधरा मिनिटं झाली. घामानं ती निथळली. आत कुठं वर सरकून गेला तर? पोट फाडावं लागेल? डॉक्टरांना काय सांगायचं? साहेबांना काय सांगायचं? वीस मजल्यांवर जोराच्या वाऱ्यात जी डगमगली नव्हती, ती इथं भेदरली. तिनं जावेला हाक मारली. दाराबाहेर जाऊ येऊन उभी राहिली, तिच्या मागे सासूबाई.

"ताई, घाबरू नका, तो कुठं जात नाही, पुढं रस्ताच नाहीये त्याला," जाऊ दारातून म्हणाली. "उकिडव्या बसा. खाली जोर द्या."

"देतेय!"

"आता ओढा."

"ओढतेय तर! तुझ्या दुकानातला माल आहे, तूच ये नि ओढ!"

"काय अडकलंय?" सासूबाईंनी विचारलं.

अडकलंय. तो शब्द कानावर पडला आणि वरची एकदम गप्प झाली. अडकलेला माल ती ओढत होती! आपल्या हाताखालच्या पोरांनी असं केलं असतं तर तिनं त्यांची सालटी काढली असती. तिनं ओढणं थांबवलं. दोन श्वास घेतले. दोन बोटांनी कपाचं बूड चिमटीत दाबलं. आतली पकड सुटल्याचं तिला कळलं, आणि कप हळूच, अगदी शहाण्यासारखा हातात आला. ती तिथंच ओल्या फरशीवर बसून हसायला लागली. बाहेर जाऊ हसायला लागली. सासूबाईंना काही कळेना.

रात्री त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कप हातात घेतला नाही, पण चष्मा लावून नीट बघितला. "आम्ही फडकी धुवायचो. मग तुमचं ते विकतचं आलं नि आम्हाला मागास म्हणालात. आता हे धुवायचं. म्हणजे फिरून धुण्यावरच आलात की!" मग म्हणाल्या, "उकळायला वेगळं पातेलं घे. माझं चहाचं घेशील तर याद राख."

जावेनं दुसरा कप आणून दिला. त्याची शेपटी थोरलीनं निम्मीच कापली.

पुढच्या महिन्यात ती पहिल्या दिवशी सकाळी सातला वर चढली. मनात धाकधूक होती, पिशवीत जादा कपडे होते. नऊ वाजले. दहा वाजले. ती खुर्चीत जरा सरकून अंदाज घ्यायची, पुन्हा लिव्हर धरायची. साडेदहाला सळयांचा मोठा गठ्ठा आला आणि तो ठेवता ठेवता तिला पाळीचा विसर पडला. अकरा वाजता आठवलं, की आपण विसरलो होतो. त्या क्षणी तिला इतका आनंद झाला की तिनं वॉकीटॉकीवर खालच्याला उगाचच विचारलं, "काय रे, जेवलास का?"

"अकरा वाजता? बाई, बरं आहे ना?"

"फार बरं आहे," ती म्हणाली.

चारही दिवस ती एकदाही जादा उतरली नाही. मांड्या सोलल्या नाहीत. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात तिनं शेंगदाणे ठेवले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. बदली ऑपरेटरचं नाव साहेबांनी काढलं नाही. खुर्ची राहिली. एखाद्या सरळ गोष्टीत इथंच सगळं संपलं असतं.

पण साइटवर रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून पाच मिनिटं सूचना देतात. एका सकाळी घड्याळसाहेबांनी तिला पुढे बोलावलं.

"ह्या बाईंकडे बघा. बाईमाणूस असून चार-चार तास केबिन सोडत नाहीत. पूर्वी उतरायच्या, आता तेही बंद. मनावर घेतलं की सगळं होतं. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?"

बाकीचे म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. साइटवर दोनच क्रेन. दुसऱ्या क्रेनवर मास्तर, वय सत्तावन्न, दहा वर्षांची शुगर. त्याला दीड-दोन तासांनी लघवीला लागायचं, आणि नियम असला तरी तो उतरायचा. तो खाली मान घालून उभा होता. टाळ्या वाजल्या. वरचीला त्या टाळ्या कानफटात बसल्यासारख्या लागल्या.

शिडीपाशी तिनं मास्तरला गाठलं. "मास्तर, मी असं काही म्हणाले नव्हते हो."

"तू कशाला म्हणशील? तुझं छान चाललंय. माझं मी बघतो."

माझं मी बघतो म्हणजे काय, ते तिला चार दिवसांत कळलं. मास्तरनं सकाळपासून पाणीच बंद केलं होतं. शुगर असलेला माणूस, काचेच्या केबिनमध्ये, उन्हात, कोरड्या घशानं. गुरुवारी त्याच्या हुकाला विटांनी भरलेला लोखंडी पाळणा होता. त्याच्या खालच्यानं तीनदा "थांबा" म्हटलं तरी पाळणा सरकतच राहिला. शेवटी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. खाली दोन माणसं होती. तिनं आपल्या काचेतून सगळं बघितलं. वॉकीटॉकीवर मास्तरचा आवाज आला, "माफ करा, जरा डोळ्यापुढं अंधारी आली."

जेवणाच्या सुट्टीत साहेब कुणाशीतरी फोनवर बोलत होते, एक तारखेपासून दुसऱ्या क्रेनला नवा माणूस लागेल म्हणून.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू काही बोललीस तर तुझंही जाईल."

"जाईल."

"मग?"

"मला राग कशाचा येतोय सांगू? मी माझा त्रास निस्तरला. आणि त्यांनी त्याचीच काठी केली."

नवऱ्यानं अंथरूण घातलं. मग म्हणाला, "माल-लिफ्ट बिघडली तर दुरुस्तीला मीच येणार. भेट होत जाईल." तिला हसू आलं आणि मग रडूही आलं. खुर्ची जाण्याची तिला खरोखर भीती वाटत होती.

शुक्रवारी सकाळी वर चढण्याआधी ती दोन तांबे पाणी प्यायली. पंधरा वर्षांत साइटवर ती असं पाणी प्यायली नव्हती. दहा वाजून दहा मिनिटांनी तिनं हातातला माल नीट खाली टेकवला, हूक वर घेतला, क्रेनचा हात वाऱ्यावर मोकळा सोडला आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं. सगळ्या साइटला ऐकू जातं तेच बटण.

"खालचा, मी उतरतेय."

"काय झालं बाई? क्रेनला काही..."

"क्रेन ठणठणीत आहे. मास्तर, ऐकताय ना? दहाची सुट्टी. तुम्हीही उतरा."

ती उतरायला लागली. अर्ध्या शिडीवरून तिनं वळून बघितलं, तर दुसऱ्या क्रेनच्या केबिनचं दार उघडलं होतं. दोन्ही क्रेनचे हात वाऱ्याबरोबर सावकाश फिरत होते आणि खाली साइटवर सगळे हातातलं काम सोडून वर बघत होते.

शिडीच्या पायथ्याशी घड्याळसाहेब उभे होते. मनगट वर होतं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बाई, आज... ते आहे का? तसं असेल तर मी समजू शकतो. पण मग मास्तरांना कशाला?"

"पाळी? नाही साहेब. आणि असती तरी उतरावं लागत नाही आता, त्याची सोय मी केलीय. आज नुसती लघवीला उतरलेय."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. तिनं आवाज खाली आणला नव्हता.

"पाळीसाठी उतरत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, बाईमाणूस आहे. मास्तर उतरले तर म्हणता, म्हातारा आहे. आता मला काही झालेलं नाही, मी म्हातारी नाही, आणि तरी उतरलेय. आता काय म्हणणार? माणसाला लागते साहेब. ज्याला चार तास लागत नाही, त्यानं पाणी सोडलेलं असतं. आणि पाणी सोडलेल्या माणसाच्या हातात काल विटांचा पाळणा होता, त्याच्याखाली दोन माणसं होती."

"पण चाळीस मिनिटं..."

"तुम्ही सकाळी आठ वाजता एकदा जाऊन आलात. साडेनऊला परत गेलात. काल जेवणाच्या आधी तीनदा. माझ्या केबिनमधून तुमच्या ऑफिसाचं मागचं दार सरळ दिसतं."

खालच्यानं वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलेलं होतं, मुद्दाम की चुकून, ते देव जाणे. साइटच्या पार दुसऱ्या टोकाकडून हसण्याचा आवाज आला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी सवयीनं घड्याळाकडे बघितलं आणि हात खाली केला. मास्तर पलीकडच्या शिडीवरून एकेक पायरी सांभाळत उतरत होता, आणि साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सकाळी एक आणि दुपारी एक," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही क्रेन एकाच वेळी. आजच लिहून लावतो. मास्तरांच्या जागी कुणी येत नाहीये."

"लावा," वरची म्हणाली. "पण आधी बाजूला व्हा साहेब, मला खरंच जोराची लागलीय."